जोडपे आणि कुटुंब थेरपीचे पदव्युत्तर प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेले तरुण आणि बरीच वर्षे समुपदेशन करून झाल्यावर पुन्हा शिकायला आलेले अनुभवी लोक, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी माझ्याकडे येतात. दोघांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ते येथे एकत्र केले असून माझे मत जेथे आले आहे तेथे ते मत म्हणूनच दिले आहे.

पदव्युत्तर पदवी झाल्यावर आणखी वेगळे प्रशिक्षण कशासाठी?

एम.ए.च्या दोन वर्षांत जे शिकवले जाते ते मुख्यतः एका व्यक्तीविषयी असते: तिची लक्षणे, तिचे विचार, तिच्या चाचण्या. खोलीत एकाच वेळी पाच माणसे येऊन बसली, त्यांतल्या दोघांचे आपसांत बोलणे बंद असले आणि तिसऱ्याला येथे का आणले आहे हेच ठाऊक नसले, तर त्या ज्ञानाने थेरपिस्टचे पहिले दहा मिनिटेसुद्धा निभत नाही. कुटुंबासोबत काम करताना आपण एखाद्या माणसातला दोष शोधत नसतो. माणसांमाणसांत काय चालते, ते पुन्हा पुन्हा त्याच वळणावर का येते आणि त्यात प्रत्येकाचा वाटा कोणता, हे पाहत असतो. हे पाहण्याची सवय पुस्तक वाचून लागत नाही. खरी कुटुंबे समोर असताना, आपले काम कोणीतरी जाणता माणूस पाहत असताना, ती हळूहळू लागते.

ही पद्धत आपल्याकडच्या घरांना लागू पडते का, की ती पाश्चात्त्य आहे?

सिद्धान्तांची बहुतेक नावे बाहेरची आहेत हे खरे. मात्र कुटुंबाला उपचारात सामील करून घेणे आपल्याकडे उशिरा आले, असे म्हणता येत नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णासोबत आवारातच तंबूंमध्ये राहू दिले. रुग्णालयात गर्दी फार होती, हे त्यामागचे एक कारण. परंतु त्यातून असे दिसले की घरची माणसे जवळ असली, त्यांना आजार समजावून सांगितला, की रुग्ण बरा होऊन घरी परततो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णासोबत नातेवाइकाने राहण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेमध्ये कुटुंबांसाठी स्वतंत्र मनोविकार केंद्र उभे राहिले, आणि आज देशात या विषयाचे प्रशिक्षण देणारे जे ज्येष्ठ आहेत त्यांतील अनेक जण तेथे घडले आहेत.

प्रवेशासाठी कोणती पदवी लागते?

साधारणपणे मानसशास्त्र किंवा समुपदेशन यांतील एम.ए. अथवा एम.एस्सी., एम.एस.डब्ल्यू., किंवा मनोविकारशास्त्रातील एम.डी. अथवा डी.पी.एम. ही पदविका. काही ठिकाणी मनोविकार परिचर्येत एम.एस्सी. केलेल्यांनाही घेतात. पदवीइतकेच महत्त्व मी एका गोष्टीला देते: अर्जदाराने याआधी माणसांसोबत थोडे तरी प्रत्यक्ष काम केलेले असावे. शाळेतले, व्यसनमुक्ती केंद्रातले, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातले, कोणतेही चालेल.

भारतात फॅमिली थेरपिस्टचा स्वतंत्र परवाना मिळतो का?

नाही. हे उत्तर ऐकून अनेकांची निराशा होते, तरी ते आरंभीच स्पष्ट झालेले बरे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२ च्या कायद्यानुसार होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांचा उल्लेख आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळता इतर मानसशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रांतील समाजकार्यकर्ते यांना वर्तन-आरोग्याच्या गटात घेतले. या कोणत्याच कायद्यात जोडपे किंवा कुटुंब थेरपिस्ट असा वेगळा वर्ग नाही. म्हणून एखादी संस्था ‘परवानाधारक फॅमिली थेरपिस्ट व्हा’ अशी जाहिरात करत असेल, तर तो परवाना कोणत्या कायद्याखाली आणि कोण देणार, हे लेखी विचारावे.

क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क यांतील दोन वर्षांची एम.फिल. हा आजवरचा भक्कम मार्ग होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरवले आणि या दोन विषयांपुरती मुदत २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवली गेली. त्यामुळे अर्ज करताना जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीचे माहितीपत्रकच वाचावे.

मग प्रशिक्षण चांगले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

संस्थेला एकच प्रश्न विचारा: मी कुटुंबासोबत बसलेली असताना माझे काम किती तास कोणीतरी पाहणार आहे? व्याख्याने किती, पाहुणे कोण, प्रमाणपत्रावर कोणाची सही, हे सगळे नंतरचे. दोन शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत विषयाची ओळख होते आणि ती उपयोगीही असते, परंतु तिला क्लिनिकल प्रशिक्षण म्हणता येत नाही.

तुलनेसाठी बाहेरची दोन उदाहरणे देते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पदव्युत्तर पदवीखेरीज सुपरव्हिजनखालील, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखालील, ३,००० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यांपैकी किमान ५०० तास जोडपी, कुटुंबे किंवा मुले यांच्यासोबतचे असावे लागतात, आणि हे सारे १०४ आठवड्यांपेक्षा कमी काळात उरकता येत नाही. ब्रिटनमध्ये हे शिक्षण सर्वसाधारणपणे चार वर्षांचे असते: पायाभूत वर्ष, मधले वर्ष आणि शेवटची दोन वर्षे पात्रतेची. आपल्याकडे असे कोणतेही बंधन नाही, म्हणून ते स्वतःवर स्वतःच घालून घ्यावे लागते. दीड-दोन वर्षे, आठवड्याला निदान दोन-तीन कुटुंबे आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी सुपरव्हिजन, यापेक्षा कमी काहीही मला अपुरे वाटते.

कोणत्या विचारपद्धती शिकवल्या जातात?

साल्व्हादोर मिनुचिन यांची कुटुंबाची रचना पाहणारी रचनात्मक पद्धत, मरे बोवेन यांची अनेक पिढ्यांचा विचार करणारी पद्धत, इटलीतील मिलान गटाचे चक्राकार प्रश्न, ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट यांची कथनात्मक पद्धत, आणि जोडप्यांसाठी स्यू जॉन्सन यांची भावनाकेंद्री थेरपी. पहिल्या वर्षी यांतली एक पद्धत नीट हाताखालून घालावी. पाचही पद्धती थोड्याथोड्या शिकलेला विद्यार्थी सत्रात अडचण आली की पद्धत बदलतो, आणि अडचण तशीच राहते.

चक्राकार प्रश्न म्हणजे काय, हे एका प्रसंगावरून सांगते; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा-बायको समोरासमोर न पाहता बसले होते आणि दोघेही ‘आमच्यात तसे काही नाही’ असे म्हणत होते. शिकाऊ थेरपिस्टने त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला विचारले, ‘आई-बाबांचे बोलणे बंद झाले, की घरात सगळ्यांत आधी कोणाला कळते?’ मुलगी म्हणाली, ‘आजीला. मग आजी दोघांना वेगवेगळा चहा नेऊन देते.’ त्या एका वाक्यात घरातला सारा व्यवहार समोर आला: भांडण कोण करते यापेक्षा ते कोण सांभाळते, आणि त्या सांभाळण्यामुळे ते मिटण्याची वेळच कशी येत नाही.

सुपरव्हिजनमध्ये नेमके काय होते?

त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, सत्र झाल्यावर सुपरव्हायझरला जाऊन सांगणे. हा सोपा असतो आणि त्यात सगळ्यांत जास्त निसटते, कारण आपल्याला जे दिसलेच नाही ते आपण सांगूही शकत नाही. दुसरा, कुटुंबाच्या लेखी संमतीने सत्राचे चित्रीकरण करून ते मिळून पाहणे. तिसरा, प्रत्यक्ष सुपरव्हिजन: सुपरव्हायझर आणि इतर विद्यार्थी एकतर्फी आरशामागे किंवा शेजारच्या खोलीतल्या पडद्यासमोर बसतात, मध्येच फोन करून थेरपिस्टला एखादी सूचना देतात, किंवा दहा मिनिटांचा विराम घेऊन तिच्याशी बोलतात. नॉर्वेचे टॉम अँडरसन यांनी १९८० च्या दशकात याच्याही पुढचे पाऊल टाकले. आरशामागचा गट आपसांत जे बोलतो ते कुटुंबालाही ऐकू द्यावे, आणि त्यावर कुटुंबाला काय वाटले ते विचारावे, अशी ती रीत आहे. आपल्याकडची कुटुंबे हे सहज स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे. चार जाणती माणसे आपल्या घराचा विचार करत आहेत, हे त्यांना परके वाटत नाही.

चित्रीकरणाचा धडा मला माझ्या उमेदवारीत मिळाला. सासू, सून आणि मुलगा असे तिघे आले होते. सुनेची बाजू मला मनोमन पटली होती, तरी आपण समतोल राखला आहे अशी माझी खात्री होती. पुढच्या वेळी सासूबाई आल्या नाहीत आणि त्यानंतर कोणीच आले नाही. माझ्या सुपरव्हायझर बाईंनी चित्रफीत लावली, आवाज बंद केला आणि मला फक्त माझ्याकडे पाहायला सांगितले. पहिली वीस मिनिटे माझे गुडघे सुनेकडे वळलेले होते. सासूबाईंनी तीनदा बोलायला तोंड उघडले, आणि तिन्ही वेळा मी खाली मान घालून वहीत लिहीत होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ती वीस मिनिटे पुन्हा लावली, एवढेच. त्या दिवसापासून मी सत्रात वही घेऊन बसत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही पहिले वर्षभर बसू देत नाही.

स्वतःच्या घराविषयी बोलावे लागते का?

होय, आणि याची सर्वांत जास्त धास्ती असते. प्रत्येक विद्यार्थी आपल्या घराच्या किमान तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांचा आराखडा, काढतो. त्यात पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, विवाहाची रेघ, आणि ताणलेल्या नात्यासाठी नागमोडी रेघ असते. जन्म, मृत्यू, स्थलांतर, जमिनीची वाटणी, आंतरजातीय लग्न, न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी, हे सारे त्यावर येते. ज्या घरात वडिलांपुढे कोणी आवाज चढवला नाही, त्या घरातल्या मुलीला समोरचा पुरुष मोठ्याने बोलू लागला की गप्प व्हायला होते. हे तिला आधीच माहीत असावे, एवढाच हेतू. गटात किती सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या प्रशिक्षणात रडल्याशिवाय उत्तीर्ण होता येत नाही असे वातावरण असेल, तेथून निघून यावे. स्वतःची थेरपी घेणे हा वेगळा विषय आहे. ती अवश्य घ्यावी, मात्र आपल्याला गुण देणाऱ्या शिक्षकाकडे कधीही घेऊ नये.

जोडप्याच्या सत्रात सासू-सासऱ्यांना बोलवायचे का?

ठरीव उत्तर नाही. फ्लॅट वेगळा असला तरी निर्णय एकत्र होत असतील, तर ते कुटुंब एकत्रच आहे असे मी धरते. तरीही पहिले एक-दोन वेळा जोडप्यालाच भेटावे, आणि ज्येष्ठांना बोलवायचे झाल्यास जोडप्याशी बोलून, कारण सांगून बोलवावे. ‘तुमच्यामुळे हे होते आहे’ असा निरोप घरी पोहोचला, तर दार कायमचे बंद होते. ‘या घराला सगळ्यांत जास्त तुम्ही ओळखता, म्हणून तुमची मदत हवी’ हे वाक्य खरेही आहे आणि उपयोगाचेही.

संबोधनांकडे विद्यार्थी फार कमी लक्ष देतात. बायको नवऱ्याला नावाने हाक मारते की ‘अहो’ म्हणते, तो तिच्याविषयी बोलताना ‘ही’ म्हणतो की नाव घेतो, सासूला ‘आई’ म्हटले जाते की ‘मम्मी’ की ‘तुमची आई’, हे ऐकावे. परवापर्यंतची ‘आई’ आज ‘तुमची आई’ झाली असेल, तर मध्ये काय घडले ते विचारावे. थेरपिस्टनेही ज्येष्ठांना ‘तुम्ही’ आणि ‘काका-काकू’ म्हणताना सावध असावे. मान राखला पाहिजे, पण आपण त्या घरातली पुतणी झालो तर अवघड प्रश्न विचारता येत नाहीत.

घरात मारहाण होत असेल, तर दोघांना एकत्र घ्यावे का?

नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. प्रत्येक नव्या जोडप्याला आरंभीच एकेकटे भेटण्याचा प्रघात ठेवावा आणि तो सर्वांसाठी सारखा ठेवावा, म्हणजे कोणाला संशय येत नाही. त्या स्वतंत्र भेटीत सरळ शब्दांत विचारावे: हात उगारला जातो का, पैसे काढून घेतले जातात का, फोन तपासला जातो का, घरी जायची भीती वाटते का. नवऱ्यासमोर हे विचारले, तर तिचे उत्तर ‘नाही’ असेच येणार, आणि खरे सांगितलेच तर त्याची किंमत ती रात्री घरी मोजणार. भीती असेल तेथे संयुक्त सत्रे थांबवून सुरक्षिततेचे काम आधी करावे लागते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ काय देतो, आपल्या जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याशी संपर्क कसा करायचा, १८१ ही महिला हेल्पलाइन कशी चालते, हे विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात ठाऊक झाले पाहिजे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला, त्याच्या कामाच्या रीतीचा अभ्यास मी प्रत्येक तुकडीला करायला लावते. समेट घडवण्याची घाई हा या क्षेत्रातला सर्वांत घातक दोष आहे.

एकाने खासगीत सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची का?

परस्पर सांगायची नाही, मात्र हा प्रश्न उद्भवण्याआधीच सोडवावा. स्वतंत्र भेटीत कळलेल्या गोष्टींचे काय करायचे याचा नियम पहिल्या सत्रात लेखी ठरवून घ्यावा. तो केला नाही आणि नवऱ्याने दुसऱ्या नात्याविषयी सांगितले, तर थेरपिस्ट त्या गुपितात भागीदार होतो आणि पुढचे प्रत्येक सत्र खोटे ठरते. २०१७ च्या अधिनियमातील कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते आणि तिचे अपवादही सांगते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे. तेथे कुटुंबाची इच्छा किंवा घराची अब्रू हा मुद्दा उरत नाही. ही मर्यादाही पहिल्या सत्रातच सांगावी.

लग्न टिकवणे हे थेरपिस्टचे काम आहे का?

नाही. दोघांना स्पष्ट दिसावे आणि स्पष्ट बोलता यावे, हे काम आहे. त्यातून कोणी एकत्र राहतात, कोणी परस्पर संमतीने वेगळे होतात, आणि मुलांच्या दृष्टीने नीट वेगळे होणे हेही मोठे काम असते. कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशकाची भूमिका वेगळी आहे: १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने न्यायालयावरच तडजोडीचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले आहे आणि समुपदेशक त्या कामात न्यायालयाला साहाय्य करतात. तेथे उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक मनात पक्का ठेवावा. न नोंदवलेले सहजीवन, समलिंगी जोडपी, पुनर्विवाहातून एकत्र आलेली मुले, यांच्यासोबत काम करण्याची तयारी नसेल, तर तसे प्रवेशाच्या मुलाखतीतच सांगावे.

प्रशिक्षण मराठीतून होते का?

पुस्तके आणि परीक्षा बहुतेक इंग्रजीत, काम मात्र मराठीत, अशी आजची स्थिती आहे. विद्यार्थी मनात इंग्रजी वाक्य जुळवून त्याचे भाषांतर विचारतात आणि ‘तुला यावर कसे वाटते आहे?’ असे काहीतरी ऐकून समोरची बाई गोंधळते. ‘तेव्हा पोटात काय झालं?’ असे विचारले, की ती लगेच बोलू लागते. जीव गुदमरणे, धसका घेणे, मन उडणे, अबोला धरणे, टोचून बोलणे, मन मोकळे करणे: आपल्या भाषेत नात्यांचे बारकावे सांगणारे शब्द भरपूर आहेत. माझे विद्यार्थी प्रत्येक सत्रानंतर कुटुंबाने वापरलेले असे तीन शब्द लिहून काढतात आणि पुढच्या सत्रात तेच वापरतात.

ऑनलाइन सत्रे चालतात का? आई-वडील पुण्यात आणि मुलगा परदेशात असेल तर?

चालतात, आणि अशा घरांसाठी अनेकदा तोच एक मार्ग असतो. प्रत्येकाला वेगळी खोली आणि वेगळे यंत्र हवे. एकाच मोबाइलभोवती चौघे बसले, तर कोण कोणाकडे पाहते ते दिसत नाही. परदेशी राहणाऱ्यावर तेथील परवान्याचे नियम लागू होऊ शकतात, म्हणून काम घेण्याआधी त्या देशाचे किंवा राज्याचे नियम पाहावेत. जोडप्याच्या घरात हिंसेची शंका असेल, तर ऑनलाइन सत्र घेऊ नये, कारण कॅमेऱ्याच्या बाहेर कोण उभे आहे हे आपल्याला कळत नाही.

पुढे काम कोठे मिळते?

रुग्णालयांचे मनोविकार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रे, शाळा, स्वयंसेवी संस्था, कुटुंब न्यायालये आणि खासगी व्यवसाय. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात कुटुंबासोबतच्या कामाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून सुरू आहे. पहिली दोन-तीन वर्षे केवळ खासगी व्यवसायावर अवलंबून राहू नये. पैशाची गरज असली, की कुटुंबाला ‘आता येण्याची गरज नाही’ असे सांगणे जड जाते.

पहिल्या दिवशी काय घेऊन यावे?

एक मोठा कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. येण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशेजारी तासभर बसावे आणि आजोबा-पणजोबा कोठून आले, कोणाचे कोणाशी पटत नव्हते, कोणाचे नाव घरात घेतले जात नाही, हे विचारावे. उत्तर देताना ते जेथे थांबतील तेथे कागदावर एक टिंब ठेवावे आणि तो कागद तसाच घेऊन यावा. पहिल्या सत्राची सुरुवात आम्ही त्या टिंबांपासून करतो.